विकतच्या हृदयपेशी: घ्याव्यात का, आणि कशासाठी

आधी वस्तू काय आहे ते सांगते. करंगळीएवढी प्लास्टिकची व्हायल, आत मिलिलीटरभर गढूळ बर्फ, आणि त्या बर्फात माणसाच्या हृदयस्नायूच्या काही दशलक्ष पेशी. त्या कुणाच्या हृदयातून काढलेल्या नसतात. परदेशातल्या एखाद्या दात्याने कधीतरी थोडं रक्त नाहीतर त्वचेचा तुकडा दिलेला असतो. त्यातल्या पेशी लॅबमध्ये मागे नेऊन स्टेम सेल, म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, केल्या, मग त्यांना पुढे वळवून हृदयाच्या केल्या, गोठवल्या आणि कॅटलॉगमध्ये टाकल्या. तुम्ही ऑर्डर द्यायची, वितळवायच्या, आणि दोन-तीन दिवसांत त्या ताटलीत धडधडू लागतात.

मी पुण्यात औषधांची सुरक्षितता तपासणाऱ्या एका काँट्रॅक्ट लॅबमध्ये काम करते. औषध कंपन्या त्यांचा रेणू पाठवतात आणि विचारतात, याने माणसाच्या हृदयाची लय बिघडेल का? अलीकडे हैदराबाद-अहमदाबादच्या ओळखीच्या मंडळींचे फोन येतात: "आमचे साहेब म्हणतायत त्या सेल्स मागवू या. कशा आहेत? पैसे वसूल होतात का?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. माझं मत असं: विजेच्या, म्हणजे हृदयाच्या लयीच्या, प्रश्नासाठी या पेशी उत्तम आहेत, स्नायूच्या ताकदीच्या प्रश्नासाठी बेताच्या आहेत, आणि तुम्हाला आजारच समजून घ्यायचा असेल तर निरोगी दात्याची ही व्हायल एकटी मागवू नका. त्यासाठी वेगळी वस्तू मिळते, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. विक्रेत्यांची नावं तक्रारीच्या जागी घालणार नाही, कारण माझा अनुभव काही लॉटपुरता (लॉट म्हणजे एकाच वेळी बनवलेल्या व्हायलचा गट) आहे.

ही वस्तू बाजारात का आली हे कळल्याशिवाय तिची किंमत डोक्यात बसत नाही. ठोका पडून गेल्यावर हृदयाच्या पेशीला पुन्हा पूर्वस्थितीत यावं लागतं आणि त्यासाठी पेशीच्या आवरणातल्या, पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या उघडतात. त्यातली एक 'हर्ग' जनुकापासून बनते. तिची आतली पोकळी इतकी ऐसपैस आहे की नाना जातींचे औषधी रेणू तिच्यात जाऊन अडकतात. वाहिनी अडली की पूर्वस्थितीत येणं लांबतं, ईसीजीवर क्यूटी अंतर (ठोक्याच्या सुरुवातीपासून पूर्वस्थितीत येईपर्यंतचा काळ) वाढतं, आणि एखाद्या अभागी रुग्णात 'टॉर्साड' नावाची जीवघेणी लयबिघाडाची मालिका सुरू होते.

टर्फेनाडिनची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. ॲलर्जीचं लोकप्रिय औषध. यकृत त्याचं फेक्सोफेनाडिन करतं आणि तोवर काही बिघडत नाही. पण सोबत बुरशीसाठी किटोकोनॅझोल चालू असेल तर यकृताचं ते काम अडतं, मूळ टर्फेनाडिन रक्तात साचतं आणि हृदयात जाऊन हर्ग अडवतं. १९९८मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. आज आपण मेडिकलमधून ॲलेग्रा म्हणून घेतो ते फेक्सोफेनाडिनच. पोटाचं सिसाप्राइड २०००मध्ये तिकडच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. आपल्याकडे त्यावर बंदी यायला २०११ उजाडलं.

या धड्यांतून २००५मध्ये एस७बी आणि ई१४ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली आणि प्रत्येक नवा रेणू हर्गवर तपासणं रूढ झालं. त्याने धोकादायक औषधं अडली खरी, पण चांगलीही अडू लागली. वेरापामिल घ्या. ते हर्ग अडवतं. केवळ हर्गची चाचणी लावली तर ते नापास. प्रत्यक्षात ते दशकानुदशकं वापरात आहे आणि टॉर्साडचा धोका फार कमी, कारण ते कॅल्शियमची वाहिनीही अडवतं आणि दोन परिणाम एकमेकांना तोलून धरतात. एकेक वाहिनी सुटी तपासली तर ही तोलातोल दिसत नाही. ती दिसायला सगळ्या वाहिन्या एकत्र असलेली, शक्यतो माणसाची, जिवंत पेशी लागते.

"मग प्राणी आहेतच की," असं बाहेरचे लोक म्हणतात. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके टाकतं आणि पूर्वस्थितीत यायला भलत्याच पोटॅशियम वाहिन्यांवर विसंबतं. क्यूटीच्या प्रश्नात तो निरुपयोगी. म्हणून गिनिपिग, ससे, कुत्री. मी या क्षेत्रात आले तेव्हा गिनिपिगचं हृदय काढून लँगेनडॉर्फच्या, सुटं हृदय चालू ठेवणाऱ्या, उपकरणावर टांगायला शिकले होते. ती पद्धत १८९५ची आहे आणि अजून चालते, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण गिनिपिगच्या उत्तरावरून माणसाबद्दल बोलताना मधे एक उडी मारावी लागते, आणि ती दर वेळी अंगावर काटा आणते.

पेशींना मागे नेण्याची युक्ती क्योटोची. २००६मध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांची यादी घेऊन चारच पुरतात हे उंदराच्या पेशींवर दाखवलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर ते झालं, क्योटोत आणि अमेरिकेत मॅडिसनला जेम्स थॉमसन यांच्याकडेही. २०१२चं नोबेल यामानाका आणि जॉन गर्डन यांना मिळालं. थॉमसन यांच्या पुढाकाराने निघालेली सेल्युलर डायनॅमिक्स ही कंपनी अशा हृदयपेशी तयार करून विकणाऱ्या पहिल्यांपैकी. २०१५मध्ये फुजीफिल्मने ती घेतली. हो, तीच, कॅमेऱ्याच्या रोलवाली.

आता खरेदी. एक व्हायल आपल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत पडेपर्यंत खर्च लाखाच्या घरात जातो. सोबत कंपनीचाच मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, घ्यावा लागतो, आणि इलेक्ट्रोड बसवलेल्या प्लेटा तर एकदाच वापरून टाकायच्या. पहिल्यांदा क्वोटेशन पाहिलं की अकाउंट्समधून फोन येतो, "मॅडम, यात एक शून्य जास्त पडलंय का?" नसतं पडलेलं. त्यामुळे खरेदीची ऑर्डर टाकण्याआधी व्हायलच्या नव्हे, एका वेलच्या, म्हणजे प्लेटमधल्या एका खळग्याच्या, हिशेबात विचार करा. व्हायलमधल्या सगळ्या पेशी जगत नाहीत, जगलेल्या सगळ्या चिकटत नाहीत, आणि पेशी चिकटलेल्या सगळ्या वेल्स चाचणीच्या निकषात बसत नाहीत. कागदावरचा आकडा आणि हातात येणाऱ्या वेल्स यांतली तफावत बजेटमध्ये आधीच धरलेली बरी.

माल द्रव नायट्रोजनच्या वाफेवर, ड्राय शिपरमध्ये येतो. आमची एक खेप विमानतळावर कागदपत्रांसाठी अडकली. जैविक नमुना म्हटलं की टेबलावरचा माणूस सावध होतो, आणि व्हायलमध्ये माणसाच्या पेशी आहेत पण त्या रोगी नाहीत हे पटवताना एजंटचा घसा कोरडा पडला. शिपर हातात आला तेव्हा डेटा लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख वर सरकलेला. त्या लॉटमधल्या पेशी वितळवल्या तर निम्म्याहून अधिक मेलेल्या. विक्रेत्याने लॉगरचा पुरावा मागितला, आम्ही दिला, बदली व्हायल आल्या. म्हणून सांगते, लॉगर शिपरमधून निघाल्या क्षणी डाउनलोड करून ठेवा, त्याशिवाय भांडता येत नाही. आणि माल शुक्रवारी किंवा मोठ्या सणाच्या तोंडावर पोचेल असं वेळापत्रक स्वीकारू नका. गणपतीत तर नाहीच.

वितळवण्याचं काम हळव्या हाताचं आहे. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये व्हायल धरायची, आत बर्फाची बारीक फाक उरली की बाहेर काढायची, पेशी मोठ्या ट्यूबमध्ये उतरवायच्या आणि मीडिया थेंबाथेंबाने सोडायचा. घाईत एकदम ओतला तर पेशींच्या आतबाहेरचा क्षारांचा तोल बिघडतो आणि त्या फुटतात. व्हॉर्टेक्स (गरगर हलवणारं यंत्र) नाही, जोरात पिपेटिंग नाही. साध्या कॅन्सर सेल लाइन हाताळून आलेली मुलं इथे हमखास आडदांडपणा करतात. त्या सेल लाइन काहीही सोसतात, आणि मेल्याच तर उरलेल्या दोनाच्या चार होतात. या पेशी मात्र जवळपास वाढतच नाहीत. मेली ती गेली.

मग प्लेट. आमच्याकडच्या ४८ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलच्या तळाशी मधोमध इलेक्ट्रोडची चिमुकली जाळी असते. तिच्यावर आधी फायब्रोनेक्टिन या पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनाचा थेंब, मग पेशींचा काही मायक्रोलीटरचा थेंब, बरोब्बर जाळीवर. रांगोळीचा ठिपका कागदाच्या छिद्रातून पडतो तितका नेमका तो पडला पाहिजे. घसरला तर पेशी जगतात, धडधडतात, पण इलेक्ट्रोडला ऐकू जात नाहीत. कडेच्या खाचांत निर्जंतुक पाणी भरायचं, नाहीतर थेंब सुकतो. तासाभराने मीडिया, तोही वेलच्या भिंतीवरून हळूच. आमचा टेक्निशियन हे काम अप्रतिम करतो आणि तेव्हा त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला चालत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते अशा भागात लॅब असेल तर इन्क्युबेटरला यूपीएस आणि कार्बन डायऑक्साइडचं राखीव सिलिंडर हवंच. हा खर्च कुठल्याच क्वोटेशनमध्ये दिसत नाही.

एक-दोन दिवसांत सुटे ठोके दिसू लागतात, मग शेजारच्या पेशी एकमेकींना जोडल्या जातात, आणि आठवड्याभरात सगळी चादर एका तालात आकसते. लॅब पाहायला कुणीही आलं, नियामक असो की संचालकांचे पाहुणे, की त्यांना मायक्रोस्कोपजवळ नेतात. लोक भारावतात. एका पाहुण्या बाईंनी तर डोळे पुसले. मी त्यांना सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगते: ही आपोआप होणारी धडधड हाच या वस्तूतला सर्वांत मोठा दोष आहे. प्रौढ माणसाच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यातली पेशी स्वतःहून धडधडत नाही. ती वरून येणाऱ्या विजेच्या आज्ञेची वाट पाहते, कारण तिच्यात एक पोटॅशियम प्रवाह तिला शांत धरून ठेवायला पुरेसा असतो. आपल्या ताटलीतल्या पेशींत तो प्रवाह अपुरा आहे. म्हणजे वयाने त्या गर्भातल्या हृदयाच्या जवळ आहेत.

हे बाळपण अनेक ठिकाणी आडवं येतं. प्रौढ पेशी लांबट विटेसारखी असते, ही गोलसर, पसरट. प्रौढ पेशीत पृष्ठभागापासून आत खोल जाणाऱ्या टी-ट्यूब्यूल नावाच्या नळ्या असतात, इथे त्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे आकसण्याचा संदेश आतपर्यंत एकाच वेळी पोचत नाही. प्रौढ हृदय मुख्यतः चरबीवर चालतं, या ग्लुकोजवर चालतात. प्रौढ हृदय वेगाने चालवलं की अधिक जोराने आकसतं, या पेशी बऱ्याचदा उलट करतात. शिवाय एकाच व्हायलमध्ये खालच्या कप्प्यासारख्या, वरच्या कप्प्यासारख्या आणि गतीकारक पेशींसारख्या अशा मिसळलेल्या असतात. तुमचा रेणू हृदयाची ताकद वाढवणारा असेल आणि तो परिणाम या सपाट चादरीवर मोजायचा असेल, तर निराशा पदरी पडेल. यावर उपाय शोधणारे लोक आहेत. कोलंबिया विद्यापीठात गोर्दाना वुन्याक-नोवाकोविच यांच्या गटाने २०१८मध्ये कोवळ्या पेशींचं त्रिमितीय ऊतक बनवून त्याला विजेचे वाढत्या वेगाचे ठोके दिले आणि त्यात टी-ट्यूब्यूलसुद्धा तयार झालेले दाखवले. काम सुंदर आहे, पण ते आपल्या रोजच्या ४८ वेलच्या प्लेटमध्ये येत नाही तोवर त्याचं श्रेय या व्हायलला देता येत नाही. ताकदीच्या चाचणीसाठी माझ्याकडून पाचपैकी दोन.

विजेच्या चाचणीला मात्र मी साडेचार देते, आणि मी सहजी देणाऱ्यांतली नाही.

चाचणी अशी: इलेक्ट्रोडवर प्रत्येक ठोक्याचा आलेख येतो. सुरुवातीचा टोकदार काटा आणि शेवटचा बुटका उंचवटा यांतलं अंतर ईसीजीवरच्या क्यूटीचा ताटलीतला भाऊ. ठोक्यांचा वेग बदलला की हे अंतर आपसूक बदलतं म्हणून ते वेगानुसार दुरुस्त करून घ्यायचं. प्लेट मशीनवर ठेवल्यावर पेशींना गारवा आणि हिसका दोन्ही बसलेले असतात, त्यामुळे अर्धा तास काही करायचं नाही. मग औषध. डोफेटिलाइड हे हर्ग अडवणारं औषध घातलं की अंतर लांबत जातं, मात्रा वाढवली की ठोक्याच्या शेपटीवर अवेळी उसळ्या दिसतात. माणसात टॉर्साड सुरू होण्याआधी जे घडतं त्याचंच हे छोटं रूप. कॅल्शियमची वाहिनी अडवणारं निफेडिपिन घातलं की अंतर आखडतं. आयसोप्रोटेरेनॉल घातलं की ठोके वाढतात. आणि वेरापामिल? उसळ्या नाहीत. हर्गची सुटी चाचणी ज्याला गुन्हेगार ठरवते त्याला ही चादर निर्दोष सोडते. नवीन लॉट आला की मी हे चार पदार्थ आधी घालते, मगच ग्राहकाचा रेणू.

माझ्या एकटीच्या अनुभवावर विश्वास ठेवू नका. २०१३मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या पुढाकारातून 'सिपा' हा उपक्रम सुरू झाला, हर्गच्या पलीकडे जाऊन लयबिघाडाचा धोका ओळखायचा म्हणून. त्याचा एक भाग म्हणजे नेमक्या याच पेशी. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० ठिकाणच्या लॅबनी बाजारात मिळणाऱ्या दोन प्रकारच्या पेशींवर तीच २८ औषधं तपासली. जास्त, मध्यम आणि कमी धोक्याची औषधं बऱ्यापैकी नीट वेगळी झाली, आणि पेशी कुठल्या किंवा लॅब कुठली याने निकालात फारसा फरक पडला नाही. आमच्या क्षेत्रात दोन लॅबचे आकडे जुळले तरी पेढे वाटावेत अशी स्थिती असते, म्हणून मला याचं कौतुक आहे. २०२२मध्ये ई१४ आणि एस७बीच्या नव्या प्रश्नोत्तरांत अशा पेशींच्या चाचण्या कशा कराव्यात याला अधिकृत जागा मिळाली.

अर्धा गुण कापला तो यकृतासाठी. या ताटलीत यकृत नाही. मूळ टर्फेनाडिन इथे पकडलं जाईल. पण एखादा रेणू स्वतः निरुपद्रवी असून शरीरात त्याचं जे बनतं ते विषारी असेल, तर ही चाचणी त्याला हसतमुखाने पास करेल. म्हणून चयापचयातून बनणारे पदार्थ माहीत असतील तर ते वेगळे मागवून तपासा. ग्राहक कुरकुर करतात, तरी आग्रह धरा.

आता आजाराकडे. साधी व्हायल म्हणजे एका निरोगी परक्याची पेशी. सर्टिफिकेटवर लिंग, वंश, आणि ट्रोपोनिन टी (हृदयस्नायूची खूण असलेलं प्रथिन) असलेल्या पेशींची टक्केवारी असते, बस्स. स्टेम सेलची खरी ताकद रुग्णाच्या पेशी घेण्यात आहे. २०१०मध्ये म्युनिकच्या गटाने लांब क्यूटीचा आनुवंशिक आजार असलेल्या एका घराण्यातल्या लोकांच्या त्वचेपासून हृदयपेशी बनवल्या. आजार ताटलीत उतरला: ठोक्यानंतरचा काळ लांबलेला, आयसोप्रोटेरेनॉलने लय बिघडते, आणि बीटा ब्लॉकर दिलं की सावरते. २०११मध्ये हैफाच्या टेक्निऑनमधून लिओर गेपस्टीन यांच्या गटाने हर्गमध्येच दोष असलेल्या रुग्णाच्या पेशींवर निफेडिपिन, पिनासिडिल, रॅनोलाझिन अशी औषधं घालून कोणतं उपयोगी पडतं ते पाहिलं. २०१६मध्ये स्टॅनफर्डच्या जोसेफ वू यांच्या गटाचं काम तर मला फार आवडतं. स्तनाच्या कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या बायकांपैकी काहींचं हृदय दुखावतं, काहींचं नाही. दोन्ही गटांच्या पेशींपासून हृदयपेशी केल्या, तर ज्यांना त्रास झाला होता त्यांच्याच पेशी ताटलीतही डॉक्सोरुबिसिनने जास्त मरत होत्या. म्हणजे 'हे औषध विषारी आहे का' याच्या पुढचा प्रश्न विचारता येतो: कुणाला?

हृदयापुरतं हे नाही. टोकियोच्या केइओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो यांच्या गटाने एएलएस या चेतापेशी झिजवणाऱ्या आजाराच्या रुग्णांपासून चेतापेशी बनवल्या, त्यांच्यावर आधीच वापरात असलेली हजाराहून अधिक औषधं तपासली आणि पार्किन्सनसाठीचं रोपिनिरोल निवडलं. पुढे २० रुग्णांवर छोटी चाचणी झाली. इतक्या कमी रुग्णांवरून उड्या मारायच्या नसतात, पण ताटलीपासून रुग्णापर्यंतची वाट कुणीतरी चालून दाखवली.

अशी रोगी पेशींची व्हायलसुद्धा विकत मिळते, किंवा पेशींच्या पेढीतून स्टेम सेल घेऊन त्यांच्या हृदयपेशी करून देणारी सेवा मिळते. ती घेताना एकच गोष्ट पाहा: जोडीचा कंट्रोल आहे का? म्हणजे त्याच रुग्णाच्या पेशी, ज्यांत क्रिस्पर या जनुक-दुरुस्तीच्या तंत्राने फक्त तो एक दोष दुरुस्त केलेला आहे. तो नसेल आणि तुलनेला भलताच निरोगी माणूस दिला असेल, तर दिसणारा फरक आजाराचा की दोन माणसांमधला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. कंट्रोलशिवायची रोगी व्हायल कुणी फुकट दिली तरी मी घेणार नाही.

आणि एक सल मनात आहे. जगातल्या पेढ्यांमधल्या बहुतांश स्टेम सेल लाइन युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. इकडे भारतीय उपखंडात हृदयस्नायूच्या मायबीपीसी३ या जनुकातला डीएनएची २५ अक्षरं गळालेला प्रकार सुमारे ४ टक्के लोकांत आहे; हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचा सहभाग असलेलं हे काम २००९मध्ये आलं. हा प्रकार असलेल्यांना हृदयस्नायूच्या आजाराचा धोका अधिक असतो. आपल्या बाजारात येणारं औषध विस्कॉन्सिनच्या (मॅडिसन तिथलंच) पेशींवर पास होतं, आणि गावागावांत ज्यांच्या हृदयात हा बदल आहे त्यांच्या पेशींवर ते तपासायचं म्हटलं तर कॅटलॉगमध्ये हात रिकामा. देशात काम चाललेलं आहे. बंगळुरूला इनस्टेम, एनसीबीएस या संशोधन संस्था आणि निमहान्स हे मनोरुग्णालय मिळून मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या स्टेम सेल लाइन बनवतात, वेल्लोरच्या स्टेम सेल केंद्रात रक्ताच्या आजारांवर काम होतं. पण ऑर्डर दिली आणि चार आठवड्यांत आली अशी भारतीय दात्याची हृदयपेशी माझ्या टेबलावर अजून आलेली नाही.

मग स्वतःच बनवाव्यात का? हा प्रश्न क्वोटेशन पाहिल्यावर प्रत्येक साहेब विचारतो. कृती तशी उघड आहे. २०१२पासून लोक दोन छोट्या रेणूंनी हे करतात: आधी चिर९९०२१ने विंट हा संदेशमार्ग चेतवायचा, दोन-तीन दिवसांनी आयडब्ल्यूपीने दाबायचा, आठवडा-दहा दिवसांत ठोके दिसतात. मग ग्लुकोज काढून लॅक्टेट दिलं की इतर पेशी उपाशी मरतात आणि हृदयाच्या तगतात, ही शुद्धीकरणाची युक्ती जपानी लोकांची आणि अतिशय देखणी. पण त्याआधी स्टेम सेल सांभाळाव्या लागतात. रोज मीडिया बदलायचा, रविवारीही, दिवाळीच्या पहाटेही. खाली मॅट्रिजेल लागतं, जे उंदराच्या गाठीपासून काढतात, लॉटगणिक थोडं बदलतं आणि बर्फावरून उचललं की घट्ट होऊ लागतं. अधूनमधून गुणसूत्रं तपासावी लागतात, कारण ताटलीत वर्षानुवर्षं वाढताना २०व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट होण्यासारखे बदल शिरतात, आणि असे बदल झालेल्या पेशी जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतात. पीएचडीची मुलं असलेल्या संस्थेत हे परवडतं. आमच्यासारख्या, ग्राहकाला तारीख दिलेल्या लॅबमध्ये नाही. स्वतः स्टेम सेल लाइन बनवायची तर आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेची स्टेम सेल समितीही हवी.

त्याच तत्त्वांतली दुसरी गोष्ट इथे लिहितेच, कारण सांगलीच्या मावशीपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे मला गुडघ्यात स्टेम सेल टोचून मिळतात का ते विचारतात. रक्ताच्या आजारांसाठीचं रक्तपेशींच्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं तिथे संशोधनाच्या यादीत आहे. आमच्या व्हायलमधल्या पेशी कुणाच्याही अंगात जात नाहीत. त्या औषधाला अंगात जाण्याआधी अडवण्यासाठी आहेत.

नियम बदलतायत, म्हणून फोनही वाढलेत. अमेरिकेत डिसेंबर २०२२च्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, आणि आपल्याकडे मार्च २०२३मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवरच्या आणि ऑर्गन-ऑन-चिपसारख्या (छोट्या चिपवर अवयवाची नक्कल) चाचण्यांना जागा मिळाली. याचा अर्थ आमचं प्राणिगृह उद्या बंद होतंय असा काही साहेबांनी घेतला आहे. तसं नाही. रक्तदाब, मूत्रपिंड, चेतासंस्थेकडून हृदयाला येणारे हुकूम, हे ताटलीत कुठून येणार? गिनिपिग कमी झालेत, विशेषतः सुरुवातीच्या छाननीत, जिथे पूर्वी रेणूंच्या रांगा लावून प्राणी वापरले जायचे. तेवढ्यासाठीसुद्धा मला हा खर्च मंजूर आहे.

यंदाच्या ऑर्डरमध्ये मी एकाच लॉटच्या व्हायल वर्षभराच्या बुक केल्या आहेत आणि विक्रेत्याला त्या टप्प्याटप्प्याने पाठवायला सांगितलंय, म्हणजे एका ग्राहकाचा अभ्यास अर्ध्यात असताना लॉट बदलणार नाही. बहुतेक विक्रेते विचारलं तर हे करतात, आपणहून सांगत नाहीत. ताकदीच्या चाचणीचं किट यादीतून काढलं. लांब क्यूटीच्या रुग्णाची व्हायल जोडीच्या कंट्रोलसकट घेतली आहे, ती दिवाळीनंतर येईल. तिच्याबद्दल चार पदार्थ घालून पाहिल्यावरच लिहीन.